फुटबॉल क्लबांच्या नावात दिशा कुठून आली?

पेठेतला_विंगर

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार ज्याने एकदा पाहिलंय, त्याला आमचं फुटबॉलवेड वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे संघ तालमींचे आणि मंडळांचे. खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. नाव घेतलं की कुठली गल्ली, कुठली पेठ, कुणाचं घर कुठल्या बाजूला हे सगळं आपोआप कळतं. पण "पूर्व कोल्हापूर" किंवा "उत्तर पेठ" असा संघ कधी ऐकला नाही.

त्यामुळे डोक्यात एक प्रश्न बरेच दिवस आहे. बाहेर दिशांची नावं एवढी कशी? ईस्ट बंगाल, नॉर्थईस्ट युनायटेड, वेस्ट हॅम, प्रेस्टन नॉर्थ एंड, ऑस्ट्रेलियातले वेस्टर्न सिडनी वाँडरर्स. स्कॉटलंडमध्ये तर क्वीन ऑफ द साउथ नावाचा क्लब आहे. गावाचं नाव लावणं समजतं, कारखान्याचं समजतं, देवाचं, राजाचं समजतं. दिशा कुणाला आपली वाटते? आणि आपण पूर्वेचे हे ठरवायला कुणीतरी मध्यभागी बसलेलं लागतं ना?

एक-दोन क्लबांची का होईना, खरी हकीकत कुणाला माहीत असेल तर सविस्तर लिहा. विशेषतः ईस्ट बंगालची. या हिवाळ्यात कामानिमित्त कोलकात्याला जाणं होणार आहे.

---

हुगळीकाठ

विंगर, तुमचा शेवटचा प्रश्नच धरून लिहितो, कारण ईस्ट बंगालची सगळी गोष्ट त्यातच आहे. बँकेतल्या बदलीमुळे नव्वदच्या दशकात मी कोलकात्यात होतो. जादवपूरजवळ विजयगडला भाड्याने राहायचो. त्या वस्तीत राहून ईस्ट बंगालपासून अलिप्त राहणं कुणालाच जमत नाही, मलाही जमलं नाही. आजही नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. बऱ्याच जणांना वाटतं की फाळणी झाली, निर्वासित आले आणि त्यांनी हा क्लब काढला. तसं नाही. क्लब १ ऑगस्ट १९२०चा, म्हणजे फाळणीच्या सत्तावीस वर्षं आधीचा. त्या वेळी पूर्व बंगाल नावाचा वेगळा प्रांतही नव्हता. कर्झनने १९०५मध्ये बंगालचे दोन तुकडे करून "पूर्व बंगाल आणि आसाम" असा प्रांत केला होता, पण तो १९११मध्ये रद्द झाला. १९२०मध्ये ढाका, बारिसाल, फरीदपूर, मैमनसिंह हे सगळं एकाच बंगालचा भाग होतं. सियालदहला गाडी पकडायची, गोआलंदोला उतरून स्टीमरमध्ये बसायचं आणि पद्मेवरून पुढे जायचं. कोलकात्यातले पूर्वेकडचे विद्यार्थी आणि कारकून मेसमध्ये राहायचे आणि पूजेच्या सुटीत घरी जायचे. सीमा नव्हती, पण भेद होता. गिरण्यांसाठी मुंबईत आलेल्या माणसाला जसं "घाटी" म्हणून हिणवायचे, तसं यांना "बांगाल" म्हणायचे. उच्चारावरून, तिखट खाण्यावरून, मोठ्याने बोलण्यावरून चिडवायचे. मूळ कोलकात्याकडचे ते "घोटी".

आता २८ जुलै १९२०. कूचबिहार चषकात जोडाबागान विरुद्ध मोहन बागान असा सामना. जोडाबागानने शैलेश बोस या आपल्या चांगल्या खेळाडूला संघातून वगळलं. का वगळलं ते सांगितलं नाही. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी त्याला घ्या म्हणून आग्रह धरला, तो कुणी ऐकला नाही. चौधुरी पूर्वेकडचे, बोसही पूर्वेकडचे. चौधुरींनी क्लब सोडला आणि चारच दिवसांत निमतला घाट स्ट्रीटवरच्या आपल्या घरी नवा क्लब काढला. सोबत राजा मन्मथनाथ चौधुरी, रमेशचंद्र सेन आणि अरविंद घोष होते. हे अरविंद घोष म्हणजे पुदुच्चेरीचे योगी नव्हेत, नामसाधर्म्य आहे. मन्मथनाथ हे टांगाइलजवळच्या संतोष संस्थानचे राजे. आपण संतोष ट्रॉफी म्हणतो ती याच राजांच्या स्मरणार्थ. महाराष्ट्राचा संघ दरवर्षी ज्या करंडकासाठी खेळतो, त्याचं नाव आजच्या बांगलादेशातल्या एका गावाचं आहे.

पहिले अध्यक्ष शारदारंजन राय. गणिताचे प्राध्यापक, बंगालमध्ये क्रिकेट रुजवणारे, आणि सत्यजित राय यांच्या आजोबांचे थोरले भाऊ. तेही मैमनसिंहकडचे. लाल आणि सोनेरी रंगाबद्दल असं सांगतात की चौरंगीवरच्या व्हाइटअवे लेडलॉ या साहेबी दुकानात टांगलेला एक शर्ट संस्थापकांना आवडला, तोच गणवेश ठरला.

म्हणजे नाव ठेवणारे कोण होते, तर राजे, उद्योगपती, प्राध्यापक. पैसा होता, शिक्षण होतं, कोलकात्यात घर होतं. तरीही मैदानावर आपण बाहेरचे आहोत हे त्यांना बोचत होतं. ज्या शब्दावरून हिणवलं जात होतं तोच त्यांनी अभिमानाने पुढे केला. मला या नावातली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. त्यात विरोधाभासही आहे. १९११मध्ये अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवणारा मोहन बागानचा जो संघ देशभर गाजला, त्यातल्या अनेकांची मुळं पूर्व बंगालचीच होती. कप्तान शिबदास भादुडी फरीदपूरकडचे. म्हणजे खेळायला पूर्वेची माणसं चालत होती, मान मात्र मिळत नव्हता, अशी ही भावना.

मैदानावरही वाट सोपी नव्हती. कलकत्ता लीगच्या पहिल्या विभागात फक्त दोन भारतीय क्लब असावेत असा नियम होता. मोहन बागान आणि आर्यन आधीच तिथे होते. ईस्ट बंगालने १९२४मध्ये दुसऱ्या विभागात अव्वल स्थान मिळवलं तेव्हा हा नियम आडवा आला. तो मोडल्यावरच त्यांना वर जाता आलं. २८ मे १९२५ला लीगमध्ये मोहन बागानशी पहिली गाठ पडली आणि नेपाल चक्रवर्तीच्या गोलवर ईस्ट बंगालने ती १-० जिंकली. तिथून पुढे कोलकात्यात या सामन्याला "बड़ो मॅच" म्हणतात. मोठा सामना. दुसरं नाव लागत नाही.

मग १९४७. आणि इथे या नावाचं वजनच बदललं. जी दिशा होती ती परदेश झाली. विजयगड ही वस्तीच मुळात लष्कराच्या रिकाम्या बराकींमध्ये निर्वासितांनी वसवलेली. आमच्या घरमालकीणबाईंना सगळे मासीमा म्हणत. बारिसालच्या. १९५०च्या दंगलीनंतर लहान वयात आई-वडिलांबरोबर आलेल्या. त्यांच्याकडे तिथलं काय होतं? एक पितळी डबा आणि नारळाच्या बागेच्या आठवणी. घर गेलं, नदी गेली, शाळा गेली. पण शहरात रोज पेपरमध्ये "ईस्ट बंगाल" छापून यायचं. तेही जिंकलं म्हणून. मासीमा आयुष्यात कधी मैदानात गेल्या नाहीत. रेडिओ लावायच्या आणि क्लबबद्दल बोलताना त्यांची बोली बदलायची, बारिसालची व्हायची. "आमागो क्लाब" म्हणायच्या. आमचा क्लब. शेजारच्या घोटी कुटुंबाशी एरवी इतकं सख्य, पण त्या दोन तासांपुरतं मधलं दार बंद.

१३ जुलै १९९७चा ईस्ट बंगाल-मोहन बागान फेडरेशन चषकाचा उपांत्य सामना मी कोलकात्याच्या साल्ट लेक स्टेडियमवर बसून पाहिला. १,३१,७८१ प्रेक्षक, भारतात कुठल्याही खेळाला जमलेल्या सगळ्यात मोठ्या गर्द्यांपैकी एक. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या "डायमंड" व्यूहरचनेचा आठवडाभर गाजावाजा होता. ईस्ट बंगालच्या बाकावर प्रदीपकुमार बॅनर्जी. निकाल ४-१, आणि बाइचुंग भुतियाची हॅटट्रिक. सिक्कीमचा पोरगा! तिसऱ्या गोलला माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा उभे राहिले, त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसत राहिले. खाली काय चाललंय ते बघतच नव्हते. रात्री परत आलो तर विजयगडच्या बाजारात कंदिलाखाली इलिश कापला जात होता. कोळीण बोटीवर, म्हणजे तिथल्या त्या पायाखाली धरायच्या विळीवर, मासा आडवा धरून तुकडे पाडत होती आणि भाव विचारायची कुणाची तयारी नव्हती. ईस्ट बंगाल जिंकलं की इलिश चढतो, मोहन बागान जिंकलं की कोळंबी चढते, हे तिथलं जुनं गणित. मासीमांनी त्या रात्री मोहरीतला इलिश सगळ्या जिन्याला वाढला, शेजारच्या घोटी घरालाही.

आता तुम्ही म्हणाल की क्लब पूर्वेचा तर खेळाडू पूर्वेचेच असतील. तर तसंही नाही. क्लबचा पहिला सुवर्णकाळ आणला तो "पंचपांडवां"नी: व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान, सालेह. बंगळूर, आंध्र, केरळ इथले. एकही बंगाली नाही! या संघाने १९४९मध्ये लीग, आयएफए शील्ड आणि मुंबईचा रोव्हर्स चषक अशी तिन्ही विजेतीपदं एकाच वर्षी मिळवली. कूपरेजवर त्या वर्षी जे कुणी होते त्यांनी निर्वासितांचा क्लब पाहिला आणि त्यात दक्षिणेची माणसं खेळताना पाहिली.

बाकी क्लबांबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मला दुसरं काही इतक्या जवळून माहीत नाही.

---

टाईनतीर

हुगळीकाठकाका, प्रतिसाद दोनदा वाचला. मी न्यूकॅसलला राहते, हीटन भागात, आणि इथली हकीकत नेमकी उलटी आहे. इथे दिशा पुसून क्लब उभा राहिला.

न्यूकॅसल युनायटेड म्हणून आज जो क्लब आहे तो मूळचा न्यूकॅसल ईस्ट एंड. दक्षिण बायकरमधल्या स्टॅन्ली क्रिकेट क्लबच्या पोरांनी १८८१मध्ये फुटबॉल संघ काढला आणि पुढच्या वर्षी त्याचं नाव ईस्ट एंड केलं. त्याच १८८२मध्ये शहराच्या पश्चिमेला न्यूकॅसल वेस्ट एंड सुरू झाला, तोही क्रिकेटवाल्यांचाच. इंग्लंडमध्ये असं बऱ्याच ठिकाणी झालंय. क्रिकेट उन्हाळ्यात, मग हिवाळ्यात काय करायचं? प्रेस्टन नॉर्थ एंडही आधी क्रिकेट क्लबच होता, गावाच्या उत्तरेकडच्या मूर पार्कात खेळणारा. त्यांनीच पुढे १८८८-८९ची पहिली इंग्लिश लीग एकही सामना न हरता जिंकली. बावीस सामने, अठरा विजय, चार बरोबरी.

तर न्यूकॅसल. वेस्ट एंडकडे सेंट जेम्स पार्क होतं, शहराच्या मधोमध म्हणावं अशी मोक्याची जागा. ईस्ट एंड १८८६पासून हीटनला चिलिंगहॅम रोडवर खेळायचे. आज तिथे त्याच नावाचं मेट्रो स्टेशन आहे, मी रोज तिथूनच चढते. ईस्ट एंडचा खेळ चांगला, वेस्ट एंडची जागा चांगली. १८९२च्या उन्हाळ्यात वेस्ट एंडचे पैसे संपले, क्लब मोडला, आणि मैदानाचा उरलेला भाडेपट्टा त्यांनी चक्क प्रतिस्पर्ध्यालाच देऊ केला. ईस्ट एंडने तो घेतला आणि पूर्वेचा क्लब पश्चिमेच्या मैदानावर गेला.

आणि तिथे गाडी अडली. पश्चिमेकडचे लोक ईस्ट एंड नावाच्या संघाला बघायला येईनात, आणि हीटन-बायकरच्या लोकांना आपला क्लब पळवून नेला असं वाटायला लागलं. संघ बरा, मैदान उत्तम, पण जागा रिकाम्या. शेवटी ९ डिसेंबर १८९२ला बाथ लेन हॉलमध्ये जाहीर सभा झाली. न्यूकॅसल रेंजर्स, न्यूकॅसल सिटी अशी नावं पुढे आली आणि न्यूकॅसल युनायटेड ठरलं. काळे-पांढरे पट्टे तर त्याहूनही उशिरा, १८९४मध्ये आले. ईस्ट एंडचे शर्ट लाल होते, ते युनायटेडने सुरुवातीला तसेच घातले. आज इथल्या कुणाला सांगा की तुमचा क्लब लाल शर्टात खेळायचा, विश्वास बसत नाही, कारण लाल-पांढरं म्हणजे शेजारचा प्रतिस्पर्धी संडरलंड.

कागदोपत्री कंपनीचं नाव मात्र १८९५पर्यंत ईस्ट एंडच होतं.

विंगर, तुम्ही विचारलंय की दिशा कुणाला आपली वाटते. इथे ती दोन्हीकडच्या लोकांना इतकी आपली वाटत होती की ती काढल्याशिवाय एकत्र बसताच येईना. आता सामन्याच्या दिवशी मेट्रोमध्ये हीटनहून चढलेले आणि पश्चिमेच्या एल्सविकहून आलेले एकच गाणं म्हणतात. ते पाहिलं की त्या सभेला आलेल्या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो. सगळी मंडळी गोदीतली, कारखान्यातली. आपल्या वस्तीचं नाव सोडणं त्यांना सोपं गेलं नसणार.

---

पेठेतला_विंगर

काका, ताई, दोघांचेही मनापासून आभार. पंचपांडवांत एकही बंगाली नाही हे वाचून थक्क झालो. न्यूकॅसलसारखं आमच्याकडे कुणी सुचवलं, की दोन तालमी एक करा आणि नाव बदला, तर पेठ पेटेल!

एक उपप्रश्न. पूर्व बंगाल नावाचं आता जगात काहीच नाही. बांगलादेश होऊनही पन्नास वर्षं उलटली. मग क्लबने नाव बदलायचा विचार कधी केला नाही का? आणि वेस्ट हॅम लंडनच्या पूर्वेला का, हेही कुणीतरी सांगा.

---

बार्किंगरोड

वेस्ट हॅमचं मी सांगतो, मी ईस्ट हॅमला राहतो.

हॅम हे जुनं गाव. त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग, दोन्ही लंडनच्या पूर्वेला आणि त्या काळी लंडनमध्ये नाहीतच, एसेक्स परगण्यात. टेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणीच्या कारखान्याचा संघ १८९५मध्ये निघाला. कारखान्याचे मालक अर्नोल्ड हिल्स यांनी पाठबळ दिलं. १९००मध्ये तो मोडून वेस्ट हॅम युनायटेड म्हणून पुन्हा उभा राहिला. पाठीराखे अजूनही "आयर्न्स" म्हणून ओरडतात ते त्या कारखान्यामुळे.

पण खरी गंमत पुढे आहे. १९०४मध्ये क्लब ग्रीन स्ट्रीटवरच्या बोलीन ग्राउंडवर आला. ग्रीन स्ट्रीट ही दोन्ही हॅममधली हद्द, आणि मैदान रस्त्याच्या पूर्वेकडच्या अंगाला. म्हणजे ईस्ट हॅममध्ये! वेस्ट हॅम युनायटेड एकशे बारा वर्षं ईस्ट हॅममध्ये खेळलं. १९६६चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडचा कप्तान बॉबी मूर, अंतिम सामन्यात तीन गोल करणारा हर्स्ट, उरलेला एक गोल करणारा पीटर्स, तिघेही या मैदानाचे. १९६५मध्ये दोन्ही हॅम मिळून न्यूहॅम झालं, त्यामुळे हद्दही सरकारी कागदावरून गेली. २०१६च्या मे महिन्यात मँचेस्टर युनायटेडला ३-२ हरवून क्लबने बोलीन सोडलं आणि स्ट्रॅटफर्डच्या ऑलिंपिक स्टेडियमवर गेला. स्ट्रॅटफर्ड हे जुन्या वेस्ट हॅमचा भाग. म्हणजे नावाप्रमाणे ते आता कुठे घरी पोचलेत.

आणि तरी विचारा इथल्या कुणालाही. जुन्या पाठीराख्यांना घर म्हणजे ग्रीन स्ट्रीटच. मैदानाच्या जागी आता फ्लॅट आहेत. बार्किंग रोडच्या कोपऱ्यावर मूरला खांद्यावर उचललेला तो पुतळा आहे. बाजारातून भाजी घेऊन येताना मी रोज त्याच्यासमोरून जातो. त्याच्या पायथ्याशी लाल-निळ्या रंगाचे मफलर बांधलेले असतात, नवे बांधले जातात, जुने पावसात विटतात.

---

परळ_वर्कशॉप

रेल्वेला विसरलात मंडळी! आपल्या देशात दिशांची नावं सगळ्यात जास्त कुणी वाटली असतील तर रेल्वेने.

माझे वडील परळच्या कारखान्यात होते, मध्य रेल्वेत. ते आम्हाला कूपरेजवर हारवूड लीगचे सामने बघायला न्यायचे. वेस्टर्न रेल्वे, सेंट्रल रेल्वे हे संघ तिथे खेळायचे आणि आमच्या चाळीत त्यावरून दोन तट होते, कारण अर्धी चाळ लोअर परळच्या कारखान्यात, म्हणजे वेस्टर्नला. ही नावं १९५१च्या नोव्हेंबरात पडली. त्याआधी जीआयपी आणि बीबीसीआय. कंपन्यांची नावं गेली आणि दिशा आल्या. पूर्वेकडे एप्रिल १९५२मध्ये ईस्टर्न रेल्वे झाली.

आणि या ईस्टर्न रेल्वेने १९५८ची कलकत्ता लीग जिंकली. ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग या तिघांना मागे टाकून! त्या संघाचा हिरो पी. के. बॅनर्जी, वर काकांनी लिहिलेत तेच. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कप्तान होते. खेळाडू म्हणून ते मोठ्या क्लबांत कधी गेलेच नाहीत, रेल्वेतच राहिले. आमिषं काय कमी आली असतील? बाबा म्हणायचे, रेल्वेची नोकरी आणि रेल्वेचा शर्ट, माणसाला दुसरं काय लागतं. बाबांसाठी पीके म्हणजे रेल्वेचा माणूस, मग तो कुठल्याही दिशेचा असो. तिन्ही मोठ्यांना सोडून लीग पुन्हा दुसऱ्या कुणाला मिळायला थेट २०१९ उजाडलं, पीअरलेस जिंकलं तेव्हा.

---

सरुसजाई

काकांचं ईस्ट बंगालवरचं लिखाण अप्रतिम. पण "हिणवलेलं नाव अभिमानाने पुढे करणं" हे सगळीकडे लागू करू नये असं वाटतं. मी नोकरीनिमित्त गुवाहाटीला राहिलो आहे, म्हणून नॉर्थईस्ट युनायटेडबद्दल लिहितो.

हे नाव २०१४मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर आलं. मालक जॉन अब्राहम, आपला मुंबईकर. आठ राज्यं, त्यांच्या शेकडो भाषा, आणि सगळ्यांना मिळून एक संघ. केरळला केरळ ब्लास्टर्स, गोव्याला एफसी गोवा, आणि आठ राज्यांना मिळून एक दिशा! मिझोरामच्या मित्राला मी विचारलं तर तो म्हणाला, आमचा क्लब आयझॉल एफसी. आणि २०१७मध्ये आयझॉलने मोहन बागानला मागे टाकून आय-लीग जिंकली होती, तेव्हा त्याचं म्हणणं खोटं नाही. शिलाँगमध्ये विचारलं तर लाजाँग. दिल्ली-मुंबईहून नकाशाकडे पाहिलं तरच ते सगळं एक "ईशान्य" दिसतं.

पण मग इंफाळचा नेरोका आठवतो. त्या अक्षरांत "नॉर्थ ईस्टर्न" दडलेलं आहे, "नॉर्थ ईस्टर्न रीऑर्गनायझिंग कल्चरल असोसिएशन". १९६५ची संस्था. म्हणजे लीगवाले यायच्या कितीतरी आधी तिथल्या लोकांनी ते नाव स्वतः घेतलेलं आहे. त्यामुळे सगळा दोष बाहेरच्यांना देता येत नाही हेही खरं.

३१ ऑगस्ट २०२४ला ड्युरँड चषकाचा अंतिम सामना झाला, साल्ट लेकला, समोर मोहन बागान आणि त्यांचंच मैदान. मध्यंतराला ०-२. दुसऱ्या डावात २-२ आणि मग पेनल्टीत ४-३. गोलरक्षक गुरमीतने दोन पेनल्टी अडवल्या. क्लबचं ते पहिलंच विजेतेपद. त्या रात्री मिझोरामच्या त्याच मित्राचा फोन आला. "आपण जिंकलो" म्हणाला. पुढच्या वर्षी चषक राखला, अंतिम सामना ६-१. माझ्या मते जिंकण्याने जे होतं ते नाव ठेवण्याने होत नाही.

---

हुगळीकाठ

सरुसजाई, तुमचा मुद्दा मान्य. नाव कुणी ठेवलं यापेक्षा ते पुढे कोण वागवतं यावर बरंच ठरतं. भुतियाही सिक्कीमचाच, आणि विजयगडला तो घरचाच होता.

विंगर, तुमच्या उपप्रश्नाचं उत्तर. फाळणीनंतर पलीकडच्या प्रांताचं अधिकृत नाव काही वर्षं "पूर्व बंगाल"च होतं. १९५५मध्ये ते पूर्व पाकिस्तान झालं आणि १९७१मध्ये बांगलादेश. म्हणजे १९५५नंतर या पृथ्वीवर हे नाव लावणारी मोठी गोष्ट उरली ती हा क्लब. पैसेवाले आले की नावाला पुढे-मागे काहीतरी चिकटवतात. मधल्या काळात किंगफिशर ईस्ट बंगाल होतं, क्वेस ईस्ट बंगाल होतं, एससी ईस्ट बंगाल होतं. ती सगळी गळून गेली. मधल्या दोन शब्दांना हात लावायची हिंमत कुणी केली नाही. करूही नये.

आणि हे नाव निव्वळ आठवणीपुरतं उरलंय असंही नाही. १९ जानेवारी २०२०चा साल्ट लेकवरचा बड़ो मॅच. देशभर नागरिकत्वाच्या कागदपत्रांवरून वातावरण तापलेलं होतं. ज्यांचे आजी-आजोबा हातात कागद न घेता सीमा ओलांडून आले, त्यांच्या नातवंडांनी त्या दिवशी गॅलरीत एक भलामोठा फलक सोडला. बंगालीत लिहिलं होतं: रक्त देऊन विकत घेतलेली माती, कागद देऊन नव्हे. घाटांवर, बराकींत, झोपड्यांत आयुष्य काढून या लोकांनी जादवपूर-विजयगड उभं केलं, ते मी त्यांच्याच घरात राहून ऐकलेलं. मासीमा तोवर गेल्या होत्या. त्यांचा नातू त्या गॅलरीत होता, त्याने मला फोटो पाठवला. मोहन बागानचे पाठीराखे समोर होते. सामना मोहन बागानने २-१ जिंकला.

तुम्ही हिवाळ्यात जाताय, तेव्हा कलकत्ता लीगचे सामने संपलेले असतील, ते पावसाळ्यात होतात. साल्ट लेकला सुपर लीगचा सामना मिळतो का बघा. नाही मिळाला तरी एस्प्लनेडला मेट्रोतून उतरून "मैदान" म्हणतात त्या मोकळ्या भागात चालत जा. तिथे क्लबच्या कचेरीला अजूनही "टेंट" म्हणतात, इमारत पक्की असली तरी. संध्याकाळी बाहेरच्या बाकावर "लेबू चा", म्हणजे लिंबाचा चहा, पीत जुने सभासद बसलेले असतात. कोल्हापूरहून आलोय आणि शाहू स्टेडियमवर खेळतो एवढं सांगा, जागा करून देतील. मात्र पंचपांडवांत सर्वांत मोठा कोण हा विषय काढायचा असेल तर शेवटची मेट्रो किती वाजता आहे ते आधी बघून ठेवा.